कानशिलाचे ठिगळ

आपल्या भाषेने कानाचे जितके लाड केले आहेत, तितके डोळ्याचेही केले नसतील. आपण कोणाचे कान टोचतो, कोणाचे फुंकतो, कोणाचे उपटतो. नको ते विचारले की कानांवर हात ठेवतो आणि हवे ते ऐकले की कान टवकारतो. भिंतीला कान असतात आणि राजे बहुधा हलक्या कानाचे असतात. पण थोडा विचार केला तर ध्यानात येईल, की या सगळ्या बोलण्यातला कान म्हणजे बाहेरची ती पाळी. तिच्या आत काय चालले आहे याची भाषेने फारशी चौकशी केलेली नाही. आतल्या कानाविषयी घरोघर ऐकू येणारा शब्दप्रयोग एवढाच : 'पोराचा कान फुटलाय.'

हे वाक्य मी शिक्षक म्हणून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. आई ते सांगते, पण नाक वाहते हे ज्या स्वरात सांगावे त्याच स्वरात. पावसाळा आला की कान वाहायचा, गोडेतेलात लसूण कडकडवून ते कोमट करून चार थेंब घालायचे, वर कापसाचा बोळा बसवायचा, आणि दिवाळीपर्यंत वाट पाहायची. दिवाळीला कान सुकतो. सुकला म्हणजे बरा झाला, अशी समजूत. परंतु भांडे फुटल्यावर त्यातले पाणी वाहून गेले आणि भांडे कोरडे पडले, म्हणून ते सांधले गेले असे कोणी म्हणत नाही. 'फुटला' हा शब्द आपल्या आज्यांनी फार अचूक योजला होता; आत खरोखरच काहीतरी फुटलेले असते.

फुटतो तो कानाचा पडदा. मोठ्या माणसाच्या करंगळीच्या नखाएवढा, आणि जाडीला साध्या कागदाएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या एक दशांश. एवढ्याशा वस्तूला निसर्गाने तीन पदर दिले आहेत : बाहेरून कातडी, मध्ये तंतूंचे विणकाम, आतून ओलसर अस्तर. हवेतला आवाज या पडद्यावर आदळतो, पडदा थरथरतो, त्याला चिकटलेले हातोडीसारखे हाड हलते, ते ऐरणीसारख्या दुसऱ्याला आणि ते रिकिबीसारख्या तिसऱ्याला हलवते. पडद्याचा थरथरणारा भाग रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे सतरा पट मोठा असल्यामुळे रुंद जागेवरचा हलका दाब अरुंद जागेवर एकवटतो, आणि आतल्या पाण्याला हालवण्याइतका जोर त्याला येतो. पडद्याला भोक पडले की ही सगळी किमया ढिली पडते. मूल बहिरे होत नाही. ते अर्धवट ऐकते, आणि माझ्या मते अर्धवट ऐकणे हे शाळेत बहिरेपणापेक्षाही फसवे आहे. साफ बहिऱ्या मुलांसाठी मुंबईत माझगावला १८८५ सालीच शाळा निघाली होती. अर्धवट ऐकणाऱ्यासाठी वेगळी शाळा नसते. त्याच्यासाठी शेवटचा बाक असतो आणि 'मठ्ठ' ही पदवी असते.

पडदा फुटतो कसा? बहुतेक मुलांचा सर्दीने. नाकाच्या मागून कानापर्यंत एक नळी जाते. मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकातला रोग कानात सहज शिरतो, पडद्यामागे पू साठतो, आणि रात्रभर रडून रडून पहाटे मूल एकदम शांत झोपते. आईला वाटते, उतार पडला. तिला उशीवरचा डाग नंतर दिसतो.

दुसरे कारण सांगताना शिक्षकाला जरा जड जाते. कानशिलात बसलेली चपराक. पंजा कानावर सपाट बसला तर कानाच्या बोगद्यातली हवा कोंडून आत दाबली जाते आणि पडदा फाटतो. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत असे एक मास्तर होते, त्यांची चपराक प्रसिद्ध होती. ती खाल्लेल्या एका मुलाच्या कानात तीन दिवस शिट्टी वाजत होती, आणि आम्ही सारे त्याच्या कानाला कान लावून ती शिट्टी आपल्याला ऐकू येते का ते पाहत होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास बंदी घातली, ती पुढच्या वर्षीपासून लागू झाली. त्या कलमाचा विचार करताना मला प्रत्येक वेळी ती शिट्टी आठवते. आणि आता सणाच्या दिवसांत सांगायला हरकत नाही : कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब हेच काम चपराकीपेक्षा सफाईने करतो.

असा ताजा फाटलेला पडदा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप सांधतो. त्यात पाणी किंवा तेल मात्र घालायचे नसते. खरी अडचण जुन्या भोकाची. ते का बुजत नाही, हे कळायला वैद्यक शिकावे लागत नाही, सोनाराकडे पाहिले तरी पुरे. बारशाला टोचलेल्या कानाच्या भोकात तार घालून ठेवतात. भोकाच्या कडेला आतून कातडी धरली, की पुढे तार काढून टाकली तरी भोक राहते ते राहतेच. वाहत्या कानाच्या पडद्याचेही तेच. कडेवर कातडी चढली म्हणजे शरीराला वाटते, इथले काम संपले. हे भोक बुजवायचे तर आधी त्याची कड खरवडून ताजी करावी लागते, म्हणजे शरीराला पुन्हा जखमेची आठवण करून द्यावी लागते, आणि मग त्यावर काहीतरी घालावे लागते. काय घालावे, या एका प्रश्नाच्या उत्तराला माणसाला तीनशे वर्षे लागली.

आपल्याकडे सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. फाटलेली पाळी जोडण्याच्या त्याने पंधरा रीती सांगितल्या, गरज पडली तर गालाची कातडी घेऊन पाळी करावी इथवर तो गेला. वाहत्या कानाला मात्र त्याने धुणे, पुसणे, धुरी देणे, औषधे घालणे हे उपाय सांगितले. त्यात आश्चर्य नाही. पाळी उजेडात असते, पडदा इंचभर अंधाऱ्या बोळाच्या टोकाला असतो. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालू नये, हे शहाणपण त्याच्याजवळ होते.

पण बाहेरच्या उजेडातली ती विद्या आपल्या मुलखात वाया गेली नव्हती. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ साली शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टी करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी, देठ कायम ठेवून, खाली वळवली आणि त्याला नवे नाक करून दिले. क्रूसो आणि फिंडले या मुंबईकडच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने प्रेतांवर हात बसवला आणि १८१४ साली लंडनमध्ये तसेच नाक केले. त्या पुणेरी कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, गाडीवानाचे ठेवले. नाकाची ही हकीकत कानाच्या गोष्टीत आणण्याचे कारण असे, की स्वतःच्या अंगाचा तुकडा स्वतःच्याच अंगावर दुसरीकडे रुजतो, ही गोष्ट युरोपच्या शस्त्रवैद्यांना नव्याने पटली ती यानंतर. पुढे १८६९ साली पॅरिसमध्ये रेव्हर्दीनने देठही न ठेवता सुटा कातडीचा तुकडा जखमेवर रुजवून दाखवला. कानाच्या बोळात देठ नेता येत नाही. तिथे सुटाच तुकडा हवा होता.

तोवर कानाच्या वैद्यांचे काय चालले होते? सांगितले तर हसू येईल. १६४० मध्ये बांझर नावाच्या जर्मन वैद्याने एक नळी करून तिच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे ताणले आणि ती कानात बसवायची कल्पना मांडली. त्यानंतर दोनशे वर्षे शांतता. मग लंडनमध्ये यर्सली नावाच्या डॉक्टरकडे न्यूयॉर्कचा एक गृहस्थ आला. ओल्या कागदाची गोळी कानात सरकवून तो स्वतःच आपले ऐकणे सुधारून घेत असे! रोग्याने डॉक्टरला शिकवावे असे प्रसंग वैद्यकात वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. यर्सलीने कागदाच्या जागी ओला कापूस घेतला आणि १८४८ मध्ये ते जाहीर केले. १८५३ मध्ये त्याच शहरातल्या टॉइन्बीने रबराची चकती काढली, तिला चांदीची तार लावलेली, म्हणजे रोग्याने सकाळी चकती बसवावी आणि रात्री तार धरून काढावी. हा टॉइन्बी मोठा कष्टाळू माणूस. त्याने मेलेल्या माणसांचे सुमारे दोन हजार कान उघडून पाहिले होते. कानातल्या आवाजावर उपाय शोधण्यासाठी स्वतःवरच क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्ल हुंगण्याचा प्रयोग करताना १८६६ साली तो मरण पावला.

बोस्टनच्या क्लॅरन्स ब्लेकने १८७७ मध्ये भोकावर कागदाचा तुकडाच चिकटवला. पडद्याची जाडी कागदाएवढी असते हे वर सांगितलेच आहे. त्या कागदाच्या आधाराने लहान भोकाच्या कडा एकमेकींकडे सरकतात. लहानशा भोकासाठी ही युक्ती पुढेही वापरात राहिली. याच ब्लेकने १८७४ साली आपल्या एका मित्राला मेलेल्या माणसाचा कान आणून दिला होता. त्या कानाच्या हाडाला गवताची काडी लावायची, कानात बोलायचे, आणि काजळी धरलेल्या काचेवर ती काडी कशा रेघा ओढते ते पाहायचे, असा तो प्रयोग. इतका पातळ पडदा इतकी जड हाडे हलवतो, तर विजेच्या तारेला जोडलेला मोठा पडदा काय हलवणार नाही, असे त्या मित्राच्या मनात आले. मित्राचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, धंद्याने बहिऱ्या मुलांचा मास्तर. दोनच वर्षांत टेलिफोन झाला. आज ज्याच्या त्याच्या खिशात वाजणाऱ्या यंत्राचा मूळ पुरुष एका मृताच्या कानाचा पडदा आहे, हे मला फार आवडते. आणि ते एका मास्तराला सुचले, हे त्याहून आवडते.

पडद्यावर जिवंत कातडी लावण्याचे धाडस १८७८ साली बर्टोल्ड या जर्मन डॉक्टरने केले. ते त्याला साधले, नावही त्याने दिले, आणि तरी पुढची सत्तर वर्षे ती वाट ओसाड राहिली. हे ओसाड राहणे मला या इतिहासातले सर्वांत समजून घेण्यासारखे प्रकरण वाटते. त्या काळी वाहता कान हा ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, जगण्या-मरण्याचा होता. पू कानामागच्या हाडात उतरायचा, तिथून मेंदूकडे जायचा, आणि मूल तापात जायचे. तेव्हा शस्त्रवैद्य कानामागचे हाड पोखरून, लागलेच तर पडदा आणि आतली हाडे यांसकट सगळी घाण काढून टाकीत. जीव वाचे, कान जाई. घराला आग लागली असताना खिडकीचे पडदे कोणी शिवत बसत नाही.

ती आग विझवली पेनिसिलिनने. १९२८ मध्ये फ्लेमिंगला सापडलेली ती बुरशी दुसऱ्या महायुद्धात औषध होऊन बाहेर आली, आणि कानातला पू माणसाच्या ताब्यात आला. दुसरी अडचण अंधाराची. स्वीडनमध्ये न्यूलेन आणि होल्मग्रेन यांनी १९२१-२२ च्या सुमारासच कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला होता. १९५३ मध्ये झाइस कंपनीने स्वतःचा दिवा असलेला, सहज फिरवता येणारा सूक्ष्मदर्शक बाजारात आणला, आणि तो बोळ दिवाणखान्यासारखा उजळला. त्याच सुमारास, १९५२-५३ मध्ये, वुल्स्टाइन आणि झोल्नर या दोन जर्मन डॉक्टरांनी, जवळजवळ एकाच वेळी आणि निरनिराळ्या गावी, रोग काढायचा आणि त्याच शस्त्रक्रियेत ऐकणेही परत उभारायचे, अशी पद्धत मांडली.

भोकावर त्यांनी लावली ती कातडीच. आणि तिथे नवा घोटाळा झाला. कातडीचा स्वभाव खपल्या टाकण्याचा; कानाच्या ओलाव्यात ती तेच करीत राहिली, सुजली, कुजली, पुन्हा फाटली. लोक दुसरे कापड शोधू लागले. कोणी शिरेचा तुकडा उभा चिरून लावला. शेवटी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हेरमान या जर्मन डॉक्टरने, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत स्टॉर्सने, जे कापड घेतले ते अगदी हाताशी होते. आपण दात चावले की कानशिलाजवळ एक स्नायू उठतो. त्या स्नायूवर पांढरे, चिवट, पातळ असे आवरण असते. त्याला फार अन्नपाणी लागत नाही, म्हणून सुटे करून लावले तरी ते तग धरते. त्याचा तुकडा वाळवला की कागदासारखा होतो, हवा तसा कापता येतो. भोकाच्या खाली आतून तो सरकवायचा. मग कडेची कातडी बाहेरून आणि अस्तर आतून त्यावर चढत जाते, मांडवावर वेल चढावा तशी. ते काही पडद्याची जागा घेत नाही, पडद्याला वाढायला आधार देते. आजही जगभर बहुतेक ठिकाणी हेच ठिगळ लावतात. कोणी कानाच्या कूर्चेचा तुकडा किंवा तिच्यावरचा पदर घेतात. ज्या कानशिलावर आमच्या मास्तरांचा हात पडे, त्याच कानशिलात हे कापड घडी घालून ठेवलेले होते, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

मुलांच्या बाबतीत एक वाद मात्र अजून मिटलेला नाही : हे केव्हा करावे? नाकामागची ती नळी लहानपणी कच्ची असते, सर्दी सुटत नाही, नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात. अशा कानात लावलेले ठिगळ पुन्हा फाटण्याची भीती. म्हणून जुने डॉक्टर म्हणत, मूल आठ-दहा वर्षांचे होऊ द्या. खुद्द कानातल्या भोकाचीही एक बाजू आहे. लंडनच्या अॅस्टली कूपरला १८०१ साली रॉयल सोसायटीचे पदक मिळाले, ते पडदा मुद्दाम भोसकून एका प्रकारचा बहिरेपणा घालवल्याबद्दल! १९५४ पासून तर पडद्यामागे पाणी साठणाऱ्या मुलांच्या पडद्यात बारीक नळी बसवतात. म्हणजे एका मुलाला भोक हवे आणि दुसऱ्याला नको. तेव्हा घाई करू नये हे खरेच. परंतु डॉक्टर थांबतात तेव्हा शाळा थांबत नाही. सहा ते दहा ही वाचायला-लिहायला शिकायची वर्षे, आणि नेमकी तीच वाट पाहण्याची. म्हणून अलीकडे पुष्कळ डॉक्टर नुसते वय पाहत नाहीत. दुसरा कान कसा आहे, गाठी काढल्या आहेत का, कान काही महिने कोरडा राहिला आहे का, हे पाहून लवकरही शस्त्रक्रिया करतात. माझे मत विचाराल तर मी त्यांच्या बाजूचा. पण माझे मत डॉक्टरचे नव्हे, फळ्याजवळून बोलणाऱ्याचे आहे.

आमच्या नवी मुंबईत हे सगळे उशिरा आले, कारण शहरच उशिरा आले. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा इथे खाडी, मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला. नेरूळला आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालये निघाली ती १९८९ मध्ये, महानगरपालिका आली १९९२ मध्ये. ज्या गावांतल्या पोरांचे कान तलावात डुंबून वाहत, त्यांच्या शेजारीच आज सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणी आहेत. मध्ये अंतर उरले आहे ते 'पावसाळ्यात वाहतोच' या वाक्याचे. २०१३ मध्ये शाळकरी मुलांच्या आरोग्यतपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली, ती आमच्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला. तिच्या यादीत वाहता कान आहे. तपासणीचे पथक वर्षातून एकदा येते. उरलेले दिवस मुलांसमोर आम्हीच उभे असतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे सांगतो. शुद्धलेखन सांगताना मी मुलांकडे तोंड करून असलो की तो लिहीत असे. फळ्याकडे वळलो की त्याची पेन्सिल थांबे. 'ताट' सांगितले की 'पाट', 'कडी' सांगितली की 'तडी'. वळून पाहावे तो त्याचे डोळे माझ्या ओठांवर. त्याची आई मासळी विकते. मी बोलावले तेव्हा ती म्हणाली, "सर, कान त्याचा बारका होता तेव्हापासून फुटलाय. पण ऐकतो की! बाजारात हाक मारली की येतो." तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिची हाक खाडीच्या पलीकडे जाईल अशी होती.

दोन्ही पडद्यांना भोके निघाली. आधी नाकामागच्या गाठी काढल्या, कान सहा महिने कोरडे ठेवले; आंघोळीला तेलकट कापसाचा बोळा, तलाव बंद. मग उजव्या, जास्त फुटलेल्या कानाची शस्त्रक्रिया झाली. भूल देऊन कानामागे छेद, तिथूनच कापड घेतले, आत विरघळणाऱ्या स्पंजाचा आधार, त्यावर ठिगळ. आईला सगळ्यात आश्चर्य वाटले ते हे, की बाहेरचे काहीच घातले नाही. "त्याचंच काढून त्यालाच लावलं," असे ती बाजारभर सांगत होती. नाक जोरात शिंकरायचे नाही, कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, आणि पडदा धरला की नाही ते सुमारे तीन महिन्यांनी कळणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पडदा धरला.

शाळेत परत आल्यावर त्याची पहिली तक्रार पंख्याबद्दल होती. वर्गातला पंखा आवाज करतो, तो बंद करा म्हणाला. तो पंखा चार वर्षे तसाच खडखडत होता. आम्हा कोणाला तो ऐकू येणे केव्हाच थांबले होते. शिपायाने शिडी आणून त्याला तेल घातले. डाव्या कानाची तारीख मे महिन्याच्या सुट्टीतली मिळाली आहे. तोवर तो पहिल्या बाकावर, उजवा कान माझ्याकडे करून, जरा तिरका बसतो, आणि मी फळ्याकडे वळलो तरी त्याची पेन्सिल चालू असते.